चांदीला सोन्याचें पाणी

आमच्या ओटीच्या भिंतीवर कित्येक वर्षें दोन तसबिरी शेजारीं शेजारीं टांगलेल्या होत्या. एक आमच्या आजोबांची, सुमारें शंभर वर्षांपूर्वींची. दुसरी आमच्या आईची, तिच्या लग्नाच्या वर्षाची, म्हणजे १९६२ सालची. वयाचा न्याय लावला तर आजोबांची तसबीर अगोदर विटावयास हवी होती. परंतु भिंतीवर न्याय उलटा झाला. आजोबांच्या पागोट्याची घडी न् घडी, मिशांचा पीळ आणि काठीची मूठ आजहि जांभळट तपकिरी रंगांत स्पष्ट दिसते. आईचा चेहरा मात्र कडेकडून पिवळा पडत पडत असा झाला कीं, ज्यानें तिला पाहिलें होतें त्यालाच ती त्यांत दिसावी. दोन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांत आमच्या नातीनें भिंतीकडे बोट दाखवून विचारलें, “आबा, ह्या पिवळ्या चित्रांत कोण आहे?” प्रश्न निरागस होता, पण त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं.

चित्र कां विटलें याचें कारण आम्हांस ठाऊक होतें, कारण छायाचित्रें काढण्याचा आणि तीं स्वतः अंधारखोलींत छापण्याचा नाद आम्हांस तरुणपणापासून आहे. छापलेला कागद हायपोच्या द्रावणांतून काढल्यावर वाहत्या पाण्यांत तासभर तरी धुवावा लागतो. तसा न धुतला तर हायपोचा अंश कागदाच्या तंतूंत दडून बसतो, आणि पुढें वर्षानुवर्षें त्यांतला गंधक चित्रांतल्या चांदीला कुरतडीत राहतो. आईचें लग्न वैशाखांतलें, आणि चित्र छापलें तें गांवांतल्याच एका छायाचित्रकारानें. सातमाळ्याच्या डोंगरांखालीं वसलेल्या ह्या चांदवडास रेणुकादेवीचें देऊळ आहे, होळकरांचा रंगमहाल आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे. नाहीं तें पाणी. ज्या महिन्यांत एका घागरीसाठीं बायका विहिरीच्या कांठीं रात्र काढीत, त्या महिन्यांत कागदाच्या कपट्यावर तासभर पाणी वाहूं देणारा कोणी निघता, तर गांवानें त्याला वेडाच ठरविला असता. तेव्हां दोष त्या बिचाऱ्याचा नव्हे. आजोबांचें चित्र छापलेलें नाशिकास, गोदावरीच्या कांठीं. आणि शिवाय त्याला सोन्याचें न्हाण मिळालेलें. त्या काळीं उन्हांत छापावयाच्या कागदाला सोन्याच्या क्षाराचें पाणी दिल्यावांचून धड रंगच येत नसे.

सुदैवानें आईनें आपल्या चित्राची निगेटिव्ह छायाचित्रकाराकडून मागून घेऊन पोथीच्या बासनांत जपून ठेवली होती. ती आम्हांस सांपडली, आणि आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, हें चित्र पुन्हां छापावयाचें, आणि ह्या वेळीं त्याला आजोबांच्या चित्राप्रमाणें सोन्याचें पाणी द्यावयाचें. ठरविणें सोपें होतें. पुढें साहित्य जमविण्यांत चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांची ही हकीकत आहे.

ज्या वाचकांनीं अंधारखोलीचा उंबरठा ओलांडला नसेल त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा करणें अवश्य आहे. कृष्णधवल छायाचित्र म्हणजे कागदावरच्या सरसाच्या थरांत रुतलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. मतदानाच्या वेळीं बोटाला लावतात त्या शाईंतला चांदीचा क्षार उजेडानें काळा पडतो, त्याच जातीची ही किमया. परंतु चांदी ती चांदीच. देव्हाऱ्यांतलें निरांजन ज्या हवेनें काळवंडतें तीच हवा ह्या कणांनाहि लागते, आणि ते इतके बारीक असतात कीं, काळे होण्याऐवजीं ते पिवळट होऊन विरून जातात. ह्यावर छायाचित्रकारांनीं जो उपाय काढला त्याला ‘टोनिंग’ म्हणतात. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला असा कीं, चांदीला आपण होऊनच गंधक खाऊं घालावयाचा. मग ती तपकिरी सल्फाइड होऊन बसते, आणि एकदां पुरती डागाळलेल्या चांदीला पुन्हां डाग लागण्याचें भय उरत नाहीं. जुन्या चित्रांचा प्रसिद्ध ‘सेपिया’ रंग तो हाच. दुसरा मार्ग राजेशाही: चांदीच्या कणावर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा पातळ थर चढवावयाचा. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यांत चित्र बुडविलें कीं थोडी चांदी विरघळून आपली जागा सोडते आणि त्या जागीं सोनें येऊन बसतें. जो धातु कधीं विटत नाहीं तो मग आपल्या खालच्या चांदीला सांभाळतो.

ही विद्या आजकालची नव्हे. हायपोंत चांदीचे क्षार विरघळतात हें जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालींच नोंदविलें होतें. १८४० सालीं फ्रान्समध्यें फिझो यांनीं चांदीच्या पत्र्यावरील चित्रांना सोन्याचें पाणी देण्याची रीत काढली. मुंबईंत छायाचित्रण मंडळ स्थापन झालें तें १८५४ सालीं. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक नांवाजलेले छायाचित्रकार. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या मंडळास, चित्रें कां विटतात याचा शोध करण्यासाठीं समिति नेमावी लागली, आणि राणी व्हिक्टोरियाचे पति आल्बर्ट यांनीं त्या कामास ५० पौंड दिले. समितीचा निष्कर्ष आजहि खोटा ठरलेला नाहीं: कागदांत राहिलेला हायपो हा मुख्य वैरी, ओल आणि हवेंतला गंधक हे त्याचे साथीदार, म्हणून चित्र नीट धुवावें आणि त्याला सोनें द्यावें. पुढें होळकरांच्या इंदुरास तुकोजीराव दुसरे यांच्या आश्रयानें लाला दीनदयाळ यांनीं छायाचित्रणास आरंभ केला. त्या काळचे कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेले असत, आणि सोन्याचें पाणी हा त्यांच्या छपाईचा नेहमींचा संस्कार होता. आमच्याच जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हेहि चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकारच होते. तेव्हां ज्या गांवीं होळकरांचा वाडा उभा आहे त्या गांवीं बसून चित्राला सोनें शोधणें हा अगदींच परका उद्योग नव्हे, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली.

पण परंपरा असणें निराळें आणि बाटली हातीं येणें निराळें. आमच्या तरुणपणीं नाशिकास छायाचित्रांच्या साहित्याच्या दुकानांत हायपो, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन सहज मिळत. १९६० सालीं सरकारनें उटीस स्थापन केलेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद मिळे. तो कारखाना बंद पडला. कोडॅकसारख्या कंपनीनें २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांच्या खिशांत कॅमेऱ्याचे फोन आले, आणि दुकानांच्या फडताळांतून आमचीं रसायनें नाहींशीं झालीं. कागद आतां परदेशचा घ्यावा लागतो, तो निदान मिळतो तरी. टोनिंगच्या रसायनांसाठीं आम्हीं मुंबई गांठली. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे रसायनांची पंढरी. तेथें मिळत नाहीं असें थोडेंच असेल. फक्त आम्हांस लागतें तेवढें मिळत नाहीं. “किती पाहिजे?” “पन्नास ग्रॅम.” “पन्नास किलोचें पोतें आहे.” हा संवाद आम्हीं चार दुकानांत केला. पांचव्या दुकानांत परवाना, जी.एस.टी.चा क्रमांक आणि कारखान्याचें नांव विचारलें. आमचा कारखाना म्हणजे घरांतली पूर्वींची धान्याची खोली, हें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

रसायनांच्या नांवांनीं तर आमचा फारच छळ मांडला. सेपियासाठीं चित्र प्रथम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइड यांच्या पाण्यांत फिकें करून घ्यावें लागतें. त्यांतला ‘सायनाइड’ एवढाच भाग दुकानदाराच्या कानांत शिरे, आणि तो आमच्याकडे अशा नजरेनें पाही कीं, जणूं आम्ही घरीं कोणाला तरी संपविण्याच्या बेतांत आहों. वस्तुतः त्यांतला सायनाइडचा अंश लोखंडाशीं इतका घट्ट बांधलेला असतो कीं, ते लाल स्फटिक त्या जहाल विषाच्या पंक्तीला बसत नाहींत. मात्र तीव्र आम्ल आणि उष्णता यांच्याशीं त्यांची गांठ पडूं देऊं नये, हें खरें. आम्ही हें समजावून सांगूं लागलों म्हणजे दुकानदाराचा संशय अधिकच दृढ होई. शेवटीं एका वृद्ध व्यापाऱ्यानें आमचें सारें म्हणणें ऐकून घेतलें आणि तो हंसून म्हणाला, “असें होय! मग लाल प्रुसिएट म्हणा ना. सायनाइड कशाला म्हणतां?” आणि त्यानें शंभर ग्रॅमची पुडी बांधून दिली. त्या एका वाक्यांत केवढें शहाणपण होतें हें आम्हांस पुढें कळावयाचें होतें.

कारण मध्यंतरीं आमची चांगलीच फजिती झाली. सोनें मिळेपर्यंत निदान सेपिया तरी करून पाहावा म्हणून आम्हीं एका दुकानाकडून टपालानें सोडियम सल्फाइड मागविलें. पुडक्यावरच्या चिठ्ठींत तेंच नांव होतें. सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण ह्या पांढऱ्याशुभ्र भुकटीला वास नव्हता, तेव्हां माल फारच शुद्ध असला पाहिजे, असा सोयीचा तर्क आम्हीं केला. आईच्या चित्राची पहिली प्रत छापली, धुतली, फेरिसायनाइडांत घालून फिकी केली, आणि ती ह्या नव्या पाण्यांत सोडली. एका मिनिटांत तपकिरी चित्र वर यावयास हवें. आलें नाहीं. पांच मिनिटें झालीं, आणि कागदावर जी पुसट पिवळी छाया उरली होती तीहि जाऊं लागली. तेव्हां आमच्या डोक्यांत उजेड पडला. तें सल्फाइड नव्हतें, सल्फाइट होतें; आणि सल्फाइट फिक्या चित्रांतला चांदीचा क्षार हळूहळू विरघळवितो. आम्हीं घाईघाईनें कागद उपसून, धुवून, साध्या डेव्हलपरांत टाकला. चित्र परतलें, पण अर्धेंच. कपाळावरचें कुंकू आलें, डोळे आले, ओंठ आणि हनुवटी आलीच नाहीं. जें पाप काळानें साठ वर्षांत केलें तें आम्हीं पांच मिनिटांत केलें होतें. निगेटिव्ह हातांत होती म्हणून बरें. तरीहि तो कागद आमच्यानें फेंकवला नाहीं.

त्या रात्रीं त्या वृद्ध व्यापाऱ्याचें वाक्य आम्हांस आठवलें. रसायन दुर्मिळ नव्हतें. आम्ही त्याला ज्या नांवानें हांक मारीत होतों तें नांव दुर्मिळ झालें होतें. छायाचित्रणाचा धंदा जेव्हां जन्मला तेव्हां त्याच्याजवळ स्वतःचें असें कांहींच नव्हतें. सोनाराकडून, रंगाऱ्याकडून, चांभाराकडून, वैद्याकडून एकेक वस्तु उसनी घेऊन त्यानें संसार थाटला. पुढें मोठ्या कंपन्यांनीं त्याच वस्तु सुंदर डब्यांत घालून विकल्या, आणि मूळ घरें आम्ही विसरलों. आतां डबे गेले. पण मूळ घरें आपापल्या जागीं आहेतच. आम्हीं पुन्हां त्या घरांचीं दारें ठोठावण्याचें ठरविलें.

आणि आश्चर्य असें कीं, निम्मी यादी आमच्या पेठेंतच निघाली. हायपोच्या ऊन पाण्यांत तुरटी घातली म्हणजे गंधक सुटा होतो आणि चित्राला सावकाश ऊबदार तपकिरी रंग येतो. ही जुनी रीत, आणि तुरटी तर वाण्याच्या दुकानांत न्हाव्यासाठीं सदैव असते. सोडियम सल्फाइड कातडीं कमावणारे केंस काढण्यासाठीं वापरतात आणि रंगारी काळा गंधकी रंग विरघळविण्यासाठीं. मालेगांवास मागांच्या गांवीं रंगांच्या एका दुकानांत त्याचे पिवळसर तुकडे मिळाले, आणि ह्या वेळीं वासानें आमची खात्री पटविली. तांबूस छटेसाठीं लागणारें कॉपर सल्फेट म्हणजे आपलें मोरचूद, द्राक्षांच्या बागांवर चुन्यांत कालवून बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या ह्या मुलुखांत तें मागितलें तर दुकानदार फक्त एवढेंच विचारतो, “किती एकर आहे?” निळ्या रंगासाठीं लागणारा लोहाचा क्षार, फेरिक अमोनियम सायट्रेट, रक्त वाढविण्याच्या औषधांत घालतात. टांकणखार सोनाराकडे, नवसागर कल्हईवाल्याकडे. आणि शुद्ध केलेलें पाणी मोटारीच्या बॅटरींत घालावयास म्हणून रस्त्याच्या कडेला मिळतें. महामार्गावरच्या गांवाचा हा एक लाभ.

अर्थात् सारेंच मिळालें असें नव्हे, आणि सारेंच मिळावें असेंहि नव्हे. जुन्या पुस्तकांत युरेनियम नायट्रेटनें चित्राला केशरी तांबडा रंग देण्याची कृति मोठ्या प्रेमानें दिलेली असते. आज १९६२ च्या अणुशक्तीच्या कायद्याखालीं युरेनियम ही सरकारच्या ताब्यांतली वस्तु आहे, आणि तें योग्यच आहे. प्लॅटिनमचे कागद तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या धातूच्या किमतीनेंच मारले. सेलेनियमचें पाणी मात्र विकत मिळतें, आणि तें चांदीला उत्तम सांभाळतें असा त्याचा लौकिक आहे. आम्हीं तें घेतलें नाहीं. तें विषारी, वापरून झालेलें पाणी ओतावयाचें कोठें, ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. जेथें विहिरीचा तळ मोजून पाणी काढतात तेथें आपल्या आईच्या चित्रासाठीं दुसऱ्याच्या आईच्या घागरींत विष सोडणें बरें नव्हे. हायपोचें वापरलेलें पाणीहि आम्ही तसेंच ओतीत नाहीं. त्यांत लोखंडी काथ्या घालून ठेवला म्हणजे चांदी गाळ होऊन तळाशीं बसते. सोनाराच्या दुकानांतला केर धुवून त्यांतले कण वेंचणाऱ्या झारेकऱ्यांचीच ही विद्या, फक्त जरा निराळ्या भांड्यांत.

राहतां राहिलें सोनें. सोन्याचा क्षार पूर्वीं कांचेच्या बारीक नळींत, १५ ग्रेन म्हणजे सुमारें एक ग्रॅम, असा विकत मिळे. आतां प्रयोगशाळांना माल पुरविणारे तो देतात; पण पुन्हां तेच परवान्याचे आणि कारखान्याचे प्रश्न. तेव्हां सोनाराकडेच जावें हें उघड होतें. घरीं आईची नाकांतली चमकी होती. लग्नांतली नथ कधींच मोडली. चमकी मात्र तिनें अखेरपर्यंत घातली. आम्हीं धाकट्या बहिणीला विचारलें. ती थोडा वेळ बोलली नाहीं, मग म्हणाली, “नाकांत होती तोंवर तिची. पेटींत ठेवून ती कोणाची, दादा? ने तूं.”

आमच्या ओळखीचे सोनारकाका ऐंशीच्या घरांतले. त्यांनीं चमकीचा खडा काढून ठेवला आणि सोनें कांट्यावर टाकलें: ६१० मिलिग्रॅम. “म्हणजे पांच गुंजा,” ते म्हणाले. मग कसोटीवर रेघ ओढून त्यांनीं मान हलविली. “भाऊ, ह्यांत तांबें आहे. तांबें तुमच्या औषधांत उतरेल आणि रंग नासेल. असें करा, हें मला द्या. ह्यांत जेवढें चोख असेल तेवढें बावनकशी मी तुम्हांला तोलून देतों.”

व्यवहार सरळ होता, आणि रसायनाच्या दृष्टीनें त्यांत कांहीं उणें नव्हतें. सोन्याचा एक कण दुसऱ्या कणासारखाच. तरी आमच्यानें हो म्हणवेना. काकांनीं आमच्याकडे पाहिलें, मग चमकीकडे पाहिलें, आणि विचारलें, “कोणाची?” आम्हीं सांगितलें. “मग गाळावी लागेल,” ते म्हणाले. “तिप्पट चांदी घालावी लागेल.”

सोनें शुद्ध करावयाचें तर त्यांत आधीं चांदी मिसळावी लागते, हें आम्हांस नवीन होतें. काकांनीं तें समजावून सांगितलें. सोनें फार असलें कीं तें आंतल्या तांब्याला आपल्या अंगाखालीं लपवितें आणि तेजाब तेथवर पोंचत नाहीं. चांदी भरपूर मिसळून पत्रा पातळ केला कीं शोऱ्याचें तेजाब चांदी आणि तांबें दोन्ही खाऊन टाकतें, आणि सोनें तेवढें मागें उरतें. त्यांनीं मुशींत टांकणखार घालून सोनें आणि चांदी एकत्र वितळविली, पत्रा ठोकून तेजाबांत सोडला, आणि काम झाल्यावर कांचेच्या पात्राच्या तळाशीं उरलेली वस्तु आम्हांस दाखविली. ती पिवळी नव्हती. ती तपकिरी माती होती. “हीच का?” आम्हीं विचारलें. “हीच. सोनें आहे. चमक नंतर येते,” काका म्हणाले. धुवून वाळवून ती तोलली तेव्हां ५४७ मिलिग्रॅम भरली, म्हणजे साडेचार गुंजा.

तेजाब आज कोणालाहि सहज मिळत नाहीं. निष्पाप मुलींच्या तोंडावर आम्ल फेंकण्याचे जे अघोर प्रकार घडले त्यांवरून सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्यानें आपली ओळख आणि कारण नोंदवावें लागतें. ही अडचण आम्हांस कधीं अडचण वाटली नाहीं. पुढचें काम, म्हणजे दोन तेजाबांच्या मिश्रणांत सोनें विरघळविणें, काकांनींच आपल्या धुराड्याखालीं केलें; आम्ही लांब उभे होतों. तांबूस तपकिरी धूर निघाला, आणि ती माती दिसेनाशी होऊन पात्रांत पिवळें केशरी पाणी उरलें. तें मंद आंचेवर आटवून, उरलेलें आम्ल खडूच्या भुकटीनें मारून, आम्हीं बॅटरीच्या पाण्यांत त्याचें शेंकडा एक प्रमाणाचें द्रावण केलें. सुमारें ११० मिलिलिटर भरलें. एक लिटर टोनिंगच्या पाण्याला त्यांतलें फक्त १० मिलिलिटर लागतें. म्हणजे प्रत्यक्ष सोनें अर्ध्या गुंजेहूनहि कमी. जोडीला थायोसायनेट हवें. लोहाच्या परीक्षेसाठीं शाळांच्या प्रयोगशाळांत तें असतें, म्हणून नाशिकच्या शाळासाहित्याच्या दुकानांत तें लहान बाटलींत मिळालें.

सारें साहित्य चैत्रांत जमलें. आम्ही त्याच दिवशीं काम सुरू करणार होतों; पण हंडे रिकामे होते, नळाला पाणी चौथ्या दिवशीं येत होतें, आणि एकदम आमच्या लक्षांत आलें कीं, ज्या चुकीनें हें चित्र विटलें तीच आम्ही पुन्हां करावयास निघालों आहों. सोन्याच्या भरवंशावर धुण्यांत कसूर केली तर सोनेंहि त्याला पुरतें वांचवूं शकत नाहीं. लंडनच्या त्या समितीनें सांगितल्या होत्या त्या दोन्ही गोष्टी, धुणें आणि सोनें. आणि आम्ही वर्षभर एकीच्याच मागें धांवलों. मुंबईपासून मालेगांवपर्यंत आम्हीं ज्याचा शोध केला नाहीं तें आमच्या यादींतलें सर्वांत दुर्मिळ रसायन आमच्याच अंगणांत नव्हतें. आम्हीं बाटल्यांना बुचें लावलीं आणि पावसाची वाट पाहिली.

श्रावणांतल्या एका रात्रीं झड लागली होती. पागोळ्यांखालीं पन्हळ लावून तिचें पाणी गाळून आम्हीं धान्याच्या खोलींतल्या हौदांत घेतलें. चित्र छापलें, हायपोंतून काढलें आणि तासभर त्या वाहत्या पाण्यांत धुतलें. मग पांढऱ्या तबकांत सोन्याचें पाणी ओतून त्यांत सोडलें. खरें सांगावयाचें तर डोळ्यांना फारसें कांहीं दिसलें नाहीं. दहा मिनिटांत काळ्या छाया किंचित् निळसर झाल्या, एवढेंच. शेजारीं सोनें न दिलेली प्रत ठेवली नसती तर फरक कळलाहि नसता. आईनें त्या दिवशीं घातलेली नथ, हातांतला चुडा, आणि छायाचित्रकारानें “हलूं नका” म्हटल्यावर येतो तो कडक भाव, सारें जसेंच्या तसें. नंतर पुन्हां तासभर पागोळ्यांचें पाणी. पहाटे तो कागद दोरीवर वाळत घातला तेव्हां बाहेर झड चालूच होती.

ह्या गांवीं एके काळीं होळकरांची टांकसाळ होती. तिच्या चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या शाह आलमचें नांव आणि ‘जाफराबाद ऊर्फ चांदोर’ असा ठसा असे, आणि चांदवडी रुपया म्हणून तो दूरवर चाले. त्या रुपयांतले कांहीं आतां संग्राहकांच्या पेट्यांत आहेत. बहुतेक केव्हांच आटवून त्यांचे वाळे आणि तोडे झाले असतील. चांदीचा स्वभावच असा कीं ती एका रूपांत फार दिवस राहात नाहीं. तिला एखाद्या चेहऱ्याच्या रूपांत कांहीं काळ थांबवून धरावयाचें, तर त्याला अर्धी गुंज सोनें लागतें आणि दोन तास पाणी लागतें. सोनें घरांत होतें. पाण्यासाठीं थांबावें लागलें.

तें चित्र आम्हीं जुन्या पिवळ्या चित्राच्या शेजारीं लावलें आहे. जुनें काढलें नाहीं. नातीनें दोन्हींकडे आळीपाळीनें पाहिलें आणि विचारलें, “ही पणजी इतकी लहान कशी?” तेव्हां ती आम्हांसहि प्रथमच तशी दिसली: एकोणीस वर्षांची. द्रावणाची बाटली नऊ दशांश भरलेली फडताळांत आहे. गांवांत ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह पडून असतील त्यांनीं त्या सांभाळून ठेवाव्या आणि श्रावणांत आमच्याकडे घेऊन याव्या. सोनें आमचें, पाणी मात्र तेव्हांच असतें.